पान एकोणतीस, पोट सेहेचाळीस

मास्तरांकडे कपडे शिवायला टाकणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळायची. मास्तर मान वर करून "या" म्हणाले, तर त्यांचं पान संपलेलं असायचं. मान खालीच ठेवून "बसा" म्हणाले, तर चार-सहा ओळी बाकी आहेत, तोवर स्टुलावर टेकायचं. आणि काहीच बोलले नाहीत, तर खून झालेला असायचा. अशा वेळी गुपचूप घरी जावं आणि उद्या यावं.

एका वेळी ते पाच पुस्तकं वाचायचे. एकच पुस्तक वाचणाऱ्याची त्यांना कीव यायची. "एकच पँट असल्यासारखं आहे ते," म्हणायचे, "धुवायला टाकली की बसा उघडे."

पाचांच्या पाच जागा ठरलेल्या. मशीनवर एका खलाशाच्या आठवणींचा जाडजूड ठोकळा. तो एकदा उघडून ठेवला की स्वतःच्या वजनानंच उघडा राहायचा. त्यात समुद्राला उधाण आलं की पायडल असं काही चालायचं की शिलाई बघत राहावी, आणि वारा पडून जहाज ठप्प झालं की इकडे सुई अडखळायची. इस्त्रीपाशी लघुकथा, कारण इस्त्री तापायला दोन पानं लागतात. मोठी कथा तिथे चालत नाही. एका विधुराच्या लांबलेल्या प्रेमापायी कुणा शिक्षकाच्या शर्टाची अख्खी पाठ गेली होती. जेवताना मधमाशा पाळण्याचं पुस्तक. मास्तरांनी आयुष्यात मधमाशी पाळली नव्हती आणि पुढेही पाळायची नव्हती, पण राणीमाशीचा दिनक्रम त्यांना बायकोच्या दिनक्रमापेक्षा जास्त पाठ होता आणि हे बायकोच सांगायची. झोपताना वीटभट्ट्यांचा इतिहास. चार वर्षं झाली, एकविसावं पान काही उलटत नव्हतं, पण झोप मात्र दगडासारखी यायची. पाचवं वाचनालयातलं. ते बहुतेक खुनाचं. त्याला जागा नाही, ते मास्तरांबरोबर घरभर हिंडायचं.

पुस्तकाला मास्तर फार जपत. पानाचा कोपरा दुमडणं म्हणजे त्यांच्या लेखी पाहुण्याचा कान पिरगाळण्यासारखं. म्हणून पाचही पुस्तकांची पानं ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवत. पाच आकडे, एकाखाली एक. मशीन, इस्त्री, जेवण, झोप, वाचनालय, हा क्रम ठरलेला. मग नावं लिहायची गरजच काय? आणि ही चिठ्ठी हाताशी असलेल्या पुस्तकात खोचलेली.

गिऱ्हाइकाचं माप लिहायची पद्धतही हीच. लांबी, छाती, पोट, खांदा, बाही. पाच आकडे, एकाखाली एक, नावं नाहीत. कागद त्याच वहीचा, पेन्सिल तीच, आणि अक्षरही अर्थातच तेच.

तीस वर्षांत या दोन चिठ्ठ्यांची गाठ पडली नव्हती, हाच खरं तर चमत्कार म्हणायचा.

दुकानावरच्या खोल्यांत बिऱ्हाड होतं. तिथे खिडकीशी बसून मास्तरांची बायको काज-बटण आणि तुरपाई करायची. म्हणजे प्रत्येक कपड्यावर शेवटचा हात तिचा, आणि मास्तरांनी वाचता वाचता केलेला प्रत्येक घोळ पहिल्यांदा दिसायचा तोही तिलाच. गेल्या महिन्यात एका वकिलाच्या कोटाला तिनं काजं करायला घेतली आणि बघते तर दोन्ही बाह्या डाव्या! ती जिन्यावरून खाली आली ती कोट हातात नाचवतच.

"त्या वकिलाला दोन डावे हात आहेत का हो?"

"विष कुणी घातलं ते कळत नव्हतं गं," मास्तर म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

वकिलाचं निभावलं. पण आता आला होता बायकोच्या थोरल्या भावाचा कोट. मेहुणे वजनमापं तपासणाऱ्या खात्यात साहेब होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू, वजनं, लिटरची मापं तपासायची, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा, खोटं असेल ते उचलून आणायचं, यात छत्तीस वर्षं गेली होती. येत्या शनिवारी निवृत्ती, ऑफिसच्या हॉलमध्ये समारंभ, आणि त्यासाठी कोट. बायकोनं मास्तरांना समोर उभं करून सांगितलं, "दादाच्या कोटात एक टाका जरी इकडचा तिकडे झाला ना, तर या दुकानात छापलेला कागद म्हणून दिसायचा नाही. कॅलेंडरसुद्धा काढून टाकीन!"

ती बोलल्याप्रमाणे करायची. मास्तरांनी मशीनवरच्या ठोकळ्यावर हात ठेवला. खालच्या दुकानात दहा तास पुस्तकाशिवाय? नुसतं मशीन, नुसतं कापड आणि समोर गिऱ्हाइकांची तोंडं?

शनिवारी, म्हणजे समारंभाच्या आठ दिवस आधी, साहेब माप द्यायला आले. आल्या आल्या त्यांनी मास्तरांच्या गळ्यातला टेप काढून घेतला, खिशातल्या पोलादी पट्टीला लावला आणि इंच इंच ताडून पाहिला.

"बरोबर आहे. घ्या माप. एकदाच घ्यायचं, दाजी. पुन्हा पुन्हा मोजणं म्हणजे पहिल्यांदा नीट मोजलं नाही असा अर्थ होतो."

"ट्रायल, दादा? कच्च्या शिलाईवर एकदा..."

"ट्रायलबियल नाही."

टेप पोटाशी गेला आणि साहेबांनी श्वास आत ओढला. सगळेच ओढतात, पण साहेबांनी असा ओढला की डोळे बाहेर आले. टेपवर बेचाळीस. मास्तरांची नजर तीस वर्षांची. त्यांनी बेचाळीस लिहिलं आणि पुढे बारीक अक्षरांत स्वतःपुरती टीप टाकली: "श्वास धरून. खरं सेहेचाळीस."

"आणि ही पुस्तकं हलवा इथून," साहेब जाता जाता म्हणाले. "गोष्टी वाचणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. धाकटीला मी नेहमी सांगतो."

धाकटी म्हणजे मास्तरांची बायको. वरून आवाज आला, "ऐकताय ना?"

मास्तर ऐकत होते, पण अर्ध्याच कानानं. वाचनालयातलं नवं पुस्तक तेहतिसाव्या पानावर येऊन उभं होतं आणि बंगल्यातली म्हातारी नुकतीच जिन्याखाली पडली होती. त्यांनी पुस्तकातली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, मापाची चिठ्ठी शेजारी ठेवली, एक उचलून कोटाच्या कापडाला टाचणीनं लावली आणि एक पुस्तकात खोचली. रविवारी दुपारी एका बैठकीत पुस्तक संपवलं. मान वर काढावीच लागली नाही, तर चिठ्ठीकडे कोण बघतो? सोमवारी सकाळी पुस्तक वाचनालयात परत.

बुधवारी कापड टेबलावर पसरलं, टाचलेली चिठ्ठी समोर ठेवली आणि खडू उचलला. लांबी एकतीस. ठीक. छाती अडतीस. मास्तर जरा थबकले. पण आकड्यावर विश्वास नाही ठेवायचा तर शिवणकाम कशाच्या जोरावर करायचं? पोट एकोणतीस. निवृत्तीच्या काळजीनं माणूस खंगतो खरा, असं म्हणत त्यांनी तीही रेघ मारली. खांदा एकवीस. बाही तेहतीस.

मग ते दोन पावलं मागे सरले आणि बघतच राहिले.

कापडावर एक अनोळखी माणूस उताणा पडला होता. खांदे दारात मावणार नाहीत एवढे, कंबर मुठीत मावेल एवढी आणि हात थेट गुडघ्यापर्यंत. आजानुबाहू! असा माणूस वजनमापं खात्यात नाही, अख्ख्या गावात नव्हता. आणि पोट एकोणतीस... एकोणतीस... शनिवारी जेवताना त्या पानावर राणीमाशी पोळ्याबाहेर पडली होती आणि आमटी संपली होती.

मास्तरांच्या हातातला खडू गळाला.

"अहो," वरून हाक आली, "दादाचा कोट कापलात का?"

"खडू चाललाय!" मास्तर ओरडले आणि खडूच्या रेघा झटकत, चप्पल उलटसुलट घालून बाहेर पडले.

एकदा लिहिलेला आकडा डोक्यात ठेवायची मास्तरांना सवय नव्हती, आणि पुन्हा माप घ्यायला जायची सोय नव्हती. गेले तर पहिलं कुठं गेलं हे सांगावं लागणार. पुस्तकात गेलं असं सांगितलं की साहेब ते धाकटीला सांगणार. आणि धाकटी कॅलेंडरापासून सुरुवात करणार.

वाचनालयातल्या बाई टेबलाशी बसून पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होत्या.

"बाई, एकशे बारा नंबर हवंय. जिन्याखालची म्हातारी."

"काल गेलं."

"कुणाकडे?"

बाईंनी डिंकाची बाटली बंद केली. "मास्तर, तुम्ही काय वाचता ते मी कुणाला सांगते का?"

"माझं सांगितलंत तरी चालेल."

"मला चालत नाही. तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई काय नेतात ते सांगितलं, तर तुम्ही परत त्यांच्याकडून गोळी घ्याल का?"

मास्तरांना ते फार जाणून घ्यावंसं वाटलं, पण वेळ ती नव्हती. "त्यात माझी चिठ्ठी राहिलीय हो."

"प्रेमाची?"

"पोटाची."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मास्तरांनी मग सगळं सांगितलं. बाईंना हसू आवरेना, पण नियम मोडवेना. "एवढंच सांगते," त्या म्हणाल्या, "नवा वाचक आहे. महिन्यापूर्वी नाव घातलंय. ओळीवर बोट ठेवून वाचतात. पहिलाच खून आहे त्यांचा, त्यामुळे आठ दिवस तरी लागतील."

आठ दिवस! कोट तीन दिवसांत हवा होता.

मास्तर रस्त्यात उभे राहून विचार करू लागले आणि त्यांना सुचलं ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट सुचणं होतं. टेपनं मोजता येत नसेल, तर कवेनं मोजावं. आपल्या दोन्ही हातांचा घेर त्यांना पाठ होता. मिठी मारायची, पाठीमागे बोटांत किती अंतर राहतं ते अंदाजायचं आणि बेरीज करायची. खांदा, छाती नजरेनं. तडक ते साहेबांच्या ऑफिसात गेले.

खोलीत पितळी वजनं मापानुसार ओळीनं मांडलेली होती, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, फोटोला उभं राहिलेल्या कुटुंबासारखी. कोपऱ्यात जप्त केलेल्या तराजूंचा ढीग. साहेब टेबलाच्या उघड्या खणात डोकं घालून बसले होते. दार वाजताच खण अर्धा लोटून ते ताडकन उठले.

"दादा!" मास्तर दारातूनच हात पसरून निघाले.

वीस वर्षांत या दोघांनी एकमेकांचा हातही हातात घेतला नव्हता. साहेब मागे सरले, भिंतीला टेकले, आणि मास्तरांनी त्यांना कवेत घेतलं. घेतल्याबरोबर साहेबांनी सवयीनं श्वास आत ओढला.

"सोडा, दादा, श्वास सोडा," मास्तर त्यांच्या खांद्यात पुटपुटले.

"दाजी, हे काय चाललंय?"

"निरोप."

"मी रिटायर होतोय, मरत नाहीये!"

मास्तरांची बोटं पाठीमागे एकमेकांना शोधत होती. सापडत नव्हती. आणि तेवढ्यात साहेबांच्या खांद्यावरून त्यांची नजर अर्ध्या उघड्या खणात गेली. खाकी कव्हर. वर एकशे बारा.

मास्तरांनी मिठी सोडली. "दादा, ते पुस्तक..."

"जप्तीचा माल आहे," साहेब म्हणाले.

"वाचनालयातून जप्त केलंत? कमी भरलं का?"

साहेब खुर्चीत बसले. एक पितळी वजन उगाच सरळ केलं. मग खणातून पुस्तक काढलं, पुस्तकातून चिठ्ठी काढली, चष्म्याशी धरली आणि वाचली, "'श्वास धरून. खरं सेहेचाळीस.'"

मास्तर दाराकडे सरकले.

"छत्तीस वर्षं मी लोकांची मापं तपासली, दाजी. किलोला दहा ग्रॅम कमी दिसले तर तराजू उचलून आणला. आणि माझ्याच मापात चार इंचांची खोट."

"चुकलं, दादा. ती आपली स्वतःपुरती टीप होती."

"चुकलंच." साहेबांनी खणातून पोलादी टेप काढून टेबलावर आपटला. "सत्तेचाळीस आहे. काल दार बंद करून तीनदा मोजलं. लिहा."

मास्तरांनी मुकाट्यानं लिहिलं. त्यांना वाटलं, सुटलो. पण साहेबांमधला साहेब अजून तीन दिवस नोकरीत होता.

"तरी ही चिठ्ठी गोष्टीच्या पुस्तकात गेली होती, हे धाकटीच्या कानावर घालावं लागेल. गैरप्रकार दिसला की कळवायचा, हा नियम आहे."

"आणि तुम्ही गोष्टीचं पुस्तक वाचता हा कसला प्रकार?"

साहेबांचा चेहरा पडला. "शनिवारनंतर मीही रिकामटेकडाच की. म्हटलं, आधीपासून थोडी सवय करावी." मग लगेच आवाज चढवून, "पण ते वेगळं! तुमचं कळवणार म्हणजे कळवणार."

मास्तरांनी पुस्तकाकडे पाहिलं. "कितव्या पानावर आहात?"

"एकशे चाळीस. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"म्हणजे माळ्याला पकडलाय."

"हो!" साहेब पुढे झुकले. "तोच आहे ना? त्याच्या बुटांना चिखल होता."

मास्तरांनी मान एका बाजूला कलती केली.

"दाजी?"

"सांगू?"

"नको!" साहेबांनी दोन्ही कानांवर हात दाबले. खुर्ची करकरली. "एक अक्षर बोलू नका!"

"मग धाकटीला जे कळवायचं होतं..."

"कोण धाकटी?" साहेब कानांवर हात ठेवूनच म्हणाले.

निघताना त्यांनी मास्तरांना परत बोलावलं. पुस्तक पट्टीनं मोजलं. "कोटाला आतून डावीकडे एक खिसा. लांबी साडेसात, रुंदी पाच, जाडी सव्वा. शनिवारी सहा जण भाषणं करणार आहेत."

तीन दिवस मास्तरांनी खलाशाला मिटून ठेवलं आणि जीव ओतून कोट शिवला. वर काजं करताना बायकोनं अस्तर उलटंपालटं केलं. "हा एवढा खिसा कसला हो?"

"मानपत्रासाठी."

तिनं डोळे बारीक केले, पण टाका कुठे चुकलेला सापडला नाही, त्यामुळे बोलायला काही उरलं नाही.

समारंभाला कोट असा बसला होता की ऑफिसातल्या तिघांनी तिथेच मास्तरांचा पत्ता घेतला. साहेब व्यासपीठावर, पुढ्यात पुष्पगुच्छांची भिंत. पहिलं भाषण सुरू झालं आणि साहेबांनी मान खाली घातली. ती दुसऱ्या भाषणातही खालीच. "बिचाऱ्याला गहिवरून आलंय," कुणीतरी म्हणालं. चौथे वक्ते सांगत होते, साहेबांनी आयुष्यातला एक क्षणही कधी वाया घालवला नाही. आणि त्याच क्षणी व्यासपीठावरून स्पष्ट आवाज आला, "अरे, माळी नव्हताच!"

सभागृहात माना उंचावल्या. वक्ते मागे वळले.

"दादा काय म्हणाला?" बायकोनं मास्तरांना कोपर मारलं.

"भाषणाला आला नाही वाटतं माळी. एवढी फुलं आणलीत त्यानं, आणि स्वतः नाही. दादांना सगळ्यांची आठवण असते."

बायकोनं भावाकडे पाहिलं. कोटाची डावी बाजू हॉलमध्ये शिरताना जेवढी फुगली होती तेवढी आता फुगलेली नव्हती, हे तिच्या नजरेतून सुटलं नसावं. पण कोट खरंच झकास झाला होता. परतताना ती एवढंच म्हणाली, "बरं. राहू देत तुमची पुस्तकं."

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. हे सुख त्यांना रविवार संपेपर्यंत पुरलं.

सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला साहेब दुकानात हजर. अंगात कोट, आतल्या खिशात नवं पुस्तक. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले ते एकपर्यंत. एक ते दोन डबा. मग पुन्हा पाचपर्यंत. ऑफिसची वेळ त्यांच्या हाडांत गेली होती. आणि ते नुसते वाचत नव्हते.

"दाजी, ही बाई खोटं बोलतेय. घड्याळ सव्वाआठ दाखवत होतं, गाडी आठला सुटते. बसत नाही हिशेब."

"हं."

"दाजी, एवढंच ऐका. 'त्याच्या कपाळावर घाम डवरला.' आता थंडीत घाम का? हे वाचलेलं दिसतंय तुम्ही. नका सांगू. तरी, घाम का?"

मास्तरांचा खलाशी बेटाला लागला होता, तो तिथेच उपाशी बसला. इस्त्री तापायची, नको इतकी तापायची, पण दोन पानं काही व्हायची नाहीत. दोन आठवड्यांत मास्तरांनी अकरा शर्ट, सात पँट आणि तीन कोट निर्दोष शिवले. वर बायकोला दोष काढायला काही मिळेना, तशी ती बेचैन झाली. हा माणूस आजारीबिजारी आहे की काय?

पाहायला म्हणून एका दुपारी ती काजं करायचा शर्ट हातात घेऊन हळूच खाली उतरली. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली. खाली दादा मोठ्यानं वाचत होता, ओळीवर बोट ठेवून, मापं तपासल्यासारखा एकेक शब्द खणखणीत. तळघराचं दार उघडं सापडलं होतं आणि आत कुणीतरी शिंकलं होतं.

भावाला पुस्तकासकट पकडलं, म्हणून आता ती काय बोलते, या भीतीनं मास्तरांनी डोकं खाली घालून पायडल जोरात मारायला सुरुवात केली. साहेबांनी तिला पाहिलं आणि पुस्तक कोटात कोंबायला गेले. पण खिशात आधीच दुसरं होतं.

बायको पायरीवर बसली. शर्ट मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवला.

"कोण शिंकलं?" तिनं विचारलं.

"तेच बघतोय," साहेब चाचरत म्हणाले.

"मग बघ की. मोठ्यानं वाच, दादा." आणि मग तिनं मान वळवली. "अहो, थांबवा ना ते मशीन जरा! काही ऐकू येत नाही."

मास्तरांनी पायडलवरचा पाय उचलला.